लिंक्सवर खेळताना पहिला टप्पा कुठे पाडायचा ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर गोल्फ खेळायला मिळणार आहे, हँडिकॅप 16 (म्हणजे मध्यम दर्जाचा खेळ) आहे, आजवरचा सगळा खेळ झाडीतल्या मऊ, हिरव्यागार कोर्सवर झाला आहे. समुद्रकाठच्या लिंक्सवर कधी पाऊल ठेवलेलं नाही. तयारी काय करावी, आणि ही फेरी कायम लक्षात राहावी म्हणून काय करावं?

मी बरीच वर्षं गोल्फ शिकवतो आणि शिकणाऱ्यांना घेऊन स्कॉटलंड-आयर्लंडच्या लिंक्सवर जातो. त्या अनुभवावरून सांगतो. परतल्यावर आपला स्कोअर बहुतेकांना महिनाभरात आठवेनासा होतो. आठवतात ते दोन-तीन फटके. जमीन आणि वारा वाचून, आधी मनात आखून मारलेले आणि तसेच्या तसे घडलेले. तुमची सगळी तयारी अशा फटक्यांसाठी असावी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी सवय एकच लावायची: क्लबला, म्हणजे गोल्फच्या काठीला, हात घालण्याआधी चेंडूचा पहिला टप्पा कुठे पडायला हवा ते ठरवायचं. आजवर तुम्ही झेंड्यापर्यंतचं, म्हणजे होलपर्यंतचं, अंतर मोजून क्लब निवडत आलात. इथे तो हिशेब चालणार नाही.

तो का चालत नाही, ते जमिनीकडे बघितल्यावर कळतं. किनारा आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा पट्टा म्हणजे लिंक्स. नांगराला निरुपयोगी आणि मेंढ्यांना चरायला बरी, म्हणून ही जमीन गोल्फसाठी मोकळी राहिली. खाली वाळू असल्याने पाऊस पडला की पाणी झिरपून जातं आणि वरचा थर टणक राहतो. त्यावर फेस्क्यू आणि बेंट जातीचं बारीक गवत, तेही आखूड. मऊ ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) तुम्ही सात नंबरच्या आयर्न क्लबने मारलेला चेंडू पडल्या जागी दोन पावलांत थांबतो. तोच चेंडू इथे पंधरा-वीस यार्ड घरंगळतो आणि वारा पाठीमागून असेल तर त्याहूनही पुढे जातो. शिवाय जमीन सपाट नाही, बारीक उंचवटे आणि खळगे सगळीकडे आहेत. टप्पा उंचवट्याच्या अलीकडच्या उतारावर पडला तर चेंडू जागीच मरतो, पलीकडच्या उतारावर पडला तर सुसाट सुटतो. दोन टप्प्यांतलं अंतर चार पावलांचं असलं तरी चेंडू थांबण्याच्या जागेत तीस यार्डांचा फरक पडू शकतो.

2009 ची ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धा, आठवा. टर्नबेरीला 59 वर्षांचा टॉम वॉटसन शेवटच्या होलवर एका फटक्याने आघाडीवर होता. त्याने मारलेला आठ नंबरचा आयर्न हवेत अगदी सुरेख दिसत होता, पण टप्पा पडून चेंडू ग्रीनवरून घरंगळत मागे उतरला. तिथून दोन फटक्यांत होल करता आला नाही आणि पुढे प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा खेळात, स्टुअर्ट सिंक जिंकला. वॉटसनने तोवर पाच वेळा ओपन जिंकली होती, लिंक्स त्याच्याइतकं कळणारी माणसं थोडीच. तरी शेवटचा शब्द टप्प्याचाच राहिला. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. चांगला फटका आणि चांगला परिणाम यांत इथे अंतर पडू शकतं, हे मनाला आधीच माहीत असलं की तिसऱ्या होलवरच चिडचिड सुरू होत नाही.

आता वारा. ढोबळ हिशेब असा: समोरच्या वाऱ्यात ताशी दर मैलामागे अंतर एका टक्क्याने वाढलं असं धरा, पाठीमागच्या वाऱ्यात दर मैलामागे अर्ध्या टक्क्याने कमी झालं असं धरा. ताशी 20 मैलांचा वारा समोरून असेल तर 140 यार्डांचा फटका 168 यार्डांचा होतो, मागून असेल तर 126 यार्डांचा. समोरचा वारा जितकं हिरावून घेतो तितकं मागचा वारा परत देत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. त्यात थंडी असेल तर हवा दाट असते, चेंडू आणखी थोडा कमी जातो. आणि वारा झेंड्यावरून जोखू नका. झेंडा जमिनीलगत असतो, वाळूच्या टेकाडांच्या आडोशाला असतो, तुमचा चेंडू त्याच्या कितीतरी वरून जाणार असतो. वर ढग कुठे सरकताहेत, शेजारच्या होलवर हवेतला चेंडू कसा वळतो, ते बघा.

समोरचा वारा लागला की प्रत्येकाचा हात जोरात चालतो. नेमकं उलट करायला हवं. जोर वाढला की चेंडूची उलटी फिरकी वाढते, फिरकीने तो वर चढतो आणि वर चढलेला चेंडू वाऱ्याच्या ताब्यात जातो. म्हणून वाऱ्याखालून जाणारा एक बुटका फटका घरून पक्का करून जा. एरवी सात नंबर घेतला असता तिथे पाच किंवा सहा नंबर घ्या. पकड एक-दीड इंच खाली. चेंडू नेहमीच्या जागेपेक्षा एक चेंडूभर मागे. वजन सुरुवातीपासूनच पुढच्या पायावर किंचित जास्त. मागे क्लब खांद्याच्या वर नेऊ नका, आणि फटका झाल्यावर हात छातीच्या उंचीला थांबवा. हात कुठे थांबतात यावर चेंडूची उंची पुष्कळ अवलंबून असते, त्यामुळे सराव करताना चेंडू कुठे गेला हे बघण्याआधी स्वतःचे हात कुठे थांबले ते बघा. दीड-दोन महिने आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास एवढंच केलंत तरी तुमच्या हँडिकॅपला पुरेल. बाकी नवीन काही शिकायच्या भानगडीत पडू नका.

ग्रीनच्या आसपास तर टप्प्याचा नियम आणखी कडक. टणक, आखूड गवतावरून साठ अंशांची वेज काढून उंच चेंडू टाकायचा मोह होतो. वेजचा जाड तळ टणक जमिनीवर आपटून उसळतो, क्लबची धार चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू ग्रीनच्या पार पलीकडे जातो. माझा सल्ला स्पष्ट आहे: मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) किंवा पाणी नसेल तर ग्रीनपासून वीस-पंचवीस यार्डांवरूनसुद्धा पटरच, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडायचा क्लबच, वापरा. 1995 च्या ओपनमध्ये इथेच, अठराव्या होलवर, कॉन्स्टँटिनो रोका ग्रीनच्या अलीकडे होता. त्याची चिप (चेंडू थोडा उचलून मारायचा छोटा फटका) फसली आणि चेंडू व्हॅली ऑफ सिन नावाच्या खळग्यात परत आला. मग त्याने पटर काढला आणि साधारण 65 फुटांवरून चेंडू थेट होलमध्ये घालून जॉन डेलीला प्लेऑफमध्ये ओढलं. प्लेऑफ डेलीने जिंकला, पण लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला तो हा पट, म्हणजे पटरचा फटका.

इतक्या लांबचे पट मारायचा सराव आपल्याला नसतो, त्यासाठी गावातच सोय आहे. ओल्ड कोर्सच्या शेजारी हिमालयाज नावाचं पटिंग ग्रीन आहे, चढउतारांनी भरलेलं. 1867 मध्ये स्थापन झालेल्या लेडीज पटिंग क्लबचं ते मैदान, थोडे पैसे भरून कोणालाही खेळता येतं. पोहोचल्या दिवशी, प्रवासाचा शीण असला तरी, तिथे तासभर घालवा.

ओल्ड कोर्सवर लांब पट टळणारच नाहीत, कारण 18 पैकी 14 होल्सची ग्रीन्स जोडीने सामाईक आहेत. जोडीतल्या दोन होल्सच्या क्रमांकांची बेरीज नेहमी 18 येते: दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, असं. फक्त पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा यांची ग्रीन्स स्वतंत्र. जाताना, म्हणजे पहिल्या नऊ होल्सना, झेंडे पांढरे, येताना अठरावा सोडला तर लाल. त्यामुळे भल्यामोठ्या ग्रीनवर चेंडू पोहोचूनही झेंडा तीस-चाळीस यार्डांवर असू शकतो. ग्रीनवर पोहोचलो म्हणून निश्चिंत होऊ नका, ग्रीनच्या कोणत्या भागात टप्पा हवा आहे ते आधी ठरवा. वारा जोराचा असेल तर पट मारताना पाय नेहमीपेक्षा रुंद ठेवा. 2015 च्या ओपनमध्ये शनिवारी वाऱ्याने ग्रीनवरचे चेंडूच हलू लागले म्हणून खेळ तासन्तास थांबवला होता आणि स्पर्धा सोमवारी संपली. तुमच्यावर तशी वेळ आली तर नियम असा आहे: ग्रीनवर चेंडू एकदा खूण करून उचलून परत ठेवला असेल आणि मग वाऱ्याने हलला, तर मूळ जागी ठेवायचा. तसा उचलून ठेवलाच नसेल तर जिथे गेला तिथून खेळायचा. म्हणून ग्रीनवर गेल्या गेल्या चेंडूच्या जागी खूण करा, चेंडू उचला आणि परत ठेवा.

बंकर या कोर्सवर 112 आहेत. उथळ ताटलीसारख्या बंकरांची सवय असेल तर पहिला बंकर बघूनच धक्का बसेल. गवताच्या विटा एकावर एक रचून केलेली उभी भिंत, कधी डोक्याइतकी उंच. दिसायला तोंड लहान, पण छपरावरचं पाणी पन्हाळीत यावं तशी भोवतालची जमीन चेंडू त्यात आणून सोडते. बंकरच्या तोंडापेक्षा त्याच्या भोवतालचा उतार बघा, खरा बंकर तेवढा मोठा असतो. आत गेलात तर झेंडा विसरायचा. आडवं मारा, गरज पडली तर मागे मारा, एका फटक्यात बाहेर पडा. भिंतीला चिकटलेलाच असेल तर एक दंडाचा फटका घेऊन बंकरमध्येच दुसरीकडे चेंडू ड्रॉप करता येतो, म्हणजे हातातून खाली सोडता येतो, आणि 2019 पासून दोन दंड घेऊन बंकरच्या बाहेर मागच्या रेषेतही ड्रॉप करता येतो. मध्यम खेळाडूला हा दोन दंडांचा मार्ग पुष्कळदा स्वस्त पडतो, तरी तो घेताना लोकांना उगाच कमीपणा वाटतो. 1978 च्या इथल्या ओपनमध्ये टॉमी नाकाजिमासारखा कसलेला खेळाडू सतराव्याच्या बंकरमध्ये अडकून त्या होलला नऊ मोजून आला. उलट 2000 मध्ये टायगर वुड्स चारही फेऱ्यांत, 72 होल्समध्ये, एकाही बंकरमध्ये गेला नाही आणि आठ फटक्यांनी जिंकला. ताकद त्याच्याकडे होतीच, पण टप्पा कुठे नको हे तो टीवरच, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागीच, ठरवून ठेवत होता.

तुमचा चेंडू उजवीकडे वळत जात असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. ओल्ड कोर्सची आखणी अशी आहे की जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, संकट उजवीकडे असतं. जाताना उजवीकडे गॉर्सची काटेरी झुडपं. मे महिन्यात ती पिवळ्या फुलांनी भरलेली असतात, दिसतात सुंदर, पण आत गेलेला चेंडू सोडून द्यायचा. येताना चौदाव्यापासून अठराव्यापर्यंत उजवीकडे हद्दीची रेषा. डावीकडे शेजारच्या होलचा फेअरवे (टी ते ग्रीनमधला आखूड गवताचा पट्टा), म्हणजे श्वास घ्यायला जागा. शंका आली की डावीकडे मारा. डावीकडून ग्रीनला जायचा कोन बहुतेक वेळा वाईट मिळतो, मध्ये बंकर येतात, हे खरं. पण 16 हँडिकॅपच्या खेळाडूने वाईट कोन पत्करावा, हरवलेला चेंडू पत्करू नये.

होल्सविषयी सगळं सांगत बसत नाही. मोजकंच सांगतो.

पहिला होल: अठराव्यासकट मिळून प्रचंड रुंद फेअरवे, मागे रॉयल अँड एन्शंट क्लबची इमारत, बघायला माणसं. टीवर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) काढायची गरज नाही, त्याहून आखूड हायब्रिड पुरतो. जपायचं दुसऱ्या फटक्याला, कारण ग्रीनला अगदी खेटून स्विलकन ओढा आहे. जमिनीवरून घरंगळत नेण्याचा जो सल्ला वर दिला तो इथे लागू नाही. हा चेंडू हवेतूनच न्यायचा. एक क्लब जास्त घ्या आणि ग्रीनच्या मागच्या भागाकडे मारा. मागे गेलात तरी एक पट जास्त होईल, ओढ्यात गेलात तर होलच जाईल.

अकरावा: पार तीन (म्हणजे तीन फटक्यांत अपेक्षित), मागे ईडन नदीची खाडी. ग्रीन मागून पुढे असं उतरतं की झेंड्याच्या वर राहिलेला पट थांबवणं कठीण. डावीकडे हिल बंकर, समोर स्ट्राथ. 1921 मध्ये तरुण बॉबी जोन्स याच होलवर हिल बंकरमध्ये वैतागला आणि त्याने स्पर्धाच सोडून दिली. पुढे याच कोर्सवर त्याने 1927 ची ओपन जिंकली आणि 1958 मध्ये या गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. पहिल्या भेटीत हा कोर्स आवडला नाही तरी निकाल देऊन टाकू नका, एवढ्यासाठी ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो.

बारावा मला सगळ्यात जास्त शिकवणारा वाटतो. टीवरून समोर मोकळं रान दिसतं, एकही बंकर दिसत नाही. पुढे चालत गेलात की फेअरवेच्या मधोमध एकामागून एक बंकर, सगळ्यांची पाठ तुमच्याकडे. फार पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनेही खेळला जायचा, त्या दिशेने येणाऱ्यासाठी ते होते. टीवरून डोळ्यांवर भरवसा ठेवला तर फसवणूक ठरलेली. कॅडी, म्हणजे तुमची क्लबांची पिशवी उचलणारा वाटाड्या, बोट दाखवेल त्या रेषेवर मारा.

चौदाव्याला हेल बंकर. दुसऱ्या फटक्याला त्याच्यावरून न्यायची खात्री नसेल, तर त्याला डावीकडे वळसा घालून पार पाचाऐवजी सहाचा होल समजा. सतरावा, रोड होल, तसाच: पार चारचा लिहिला असला तरी पाचाचा समजा. टीवरून फेअरवे दिसत नाही, हॉटेलच्या आवारातल्या शेडवर लिहिलेल्या अक्षरांवरून मारावं लागतं. नेमक्या कोणत्या अक्षरावरून ते कॅडी तुमचा खेळ सोळा होल बघून ठरवेल. दुसरा फटका ग्रीनवर न्यायचा प्रयत्नच करू नका. ग्रीन तिरकं आणि अरुंद आहे, अलीकडे डावीकडे तो कुप्रसिद्ध बंकर, पलीकडे रस्ता आणि भिंत. ग्रीनच्या अलीकडे उजव्या बाजूला थांबा, तिथून पटरने ग्रीनच्या लांबीच्या दिशेने चेंडू वर सोडा. पाच झाले तर त्या होलवर तुम्ही उत्तम खेळलात.

स्कोअरबद्दल एक ठाम मत. एकेक फटका मोजून बेरीज करू नका. सोबत्याशी मॅच प्ले (होलागणिक हार-जीत) खेळा, नाहीतर स्टेबलफर्ड (होलागणिक गुण) मोजा. एका बंकरमध्ये चार फटके गेले तर मॅच प्लेमध्ये एक होल जातो, बेरजेत मात्र उरलेली दुपार जाते.

कॅडी नक्की घ्या आणि त्याला पहिल्याच टीवर खरं सांगा: माझा सात नंबर हवेतून अमुक यार्ड जातो, चेंडू उजवीकडे वळतो. बढाई मारलीत तर तो चुकीचा क्लब देईल. "झेंडा किती लांब?" असं विचारण्याऐवजी "टप्पा कुठे पाडू?" असं विचारा. बहुतेक कॅडी हा प्रश्न ऐकून खुलतात. मग तो बोट दाखवून सांगतो, त्या फिकट गवताच्या पट्ट्याच्या डावीकडे, तिथून जमीन आत वळते. तुम्ही तिथे मारता, चेंडू झेंड्यापासून वीस यार्ड डावीकडे पडतो, उंचवट्यावर क्षणभर रेंगाळतो, वळतो, आणि सावकाश होलकडे चालू लागतो. तो वळायला लागतो तेव्हा मोठी माणसं लहान मुलासारखी ओरडतात. मऊ कोर्सवर हा आनंद मिळत नाही.

तारखांमध्ये हात घालता येत असेल तर सहा-सात दिवस गावातच राहा, आणि त्यांत रविवार येईल असं बघा. रविवारी एरवी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो आणि लोक त्यावर फिरायला येतात. त्या दिवशी अठराव्या ग्रीनपासून उलटं चालत जा. बारावा ग्रीनकडून टीकडे बघा, सगळे बंकर दिसतील. हेल बंकरजवळ उभं राहून तो कुठून टाळायचा ते बघा. शक्य असेल तर हे सूर्य उतरताना करा. तिरप्या उन्हात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि दुपारी सपाट दिसणाऱ्या जमिनीचे चढउतार उघडे पडतात. मे महिन्यात तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नाही.

आधी एक फेरी शेजारच्या न्यू कोर्सवर खेळा. नाव न्यू असलं तरी तो 1895 चा आहे, जमीन तीच, वारा तोच, आणि दडपण कमी. बुटका फटका आणि लांब पट यांची तालीम तिथे होईल. दोघे मिळून असाल तर त्या आठवड्यात ओल्ड कोर्सच्या सोडतीतही नाव टाकत राहा. ती खेळाच्या दोन दिवस आधी निघते. नशीब असेल तर दुसरी फेरी मिळते, आणि दुसऱ्या फेरीत हा कोर्स पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतो.

सामानात छत्री नको, वाऱ्यात ती कामाची नाही. पावसाचा हलका सूट, ओल्यातही पकड टिकवणाऱ्या हातमोज्यांची जोडी, डोक्याला घट्ट बसणारी लोकरी टोपी, आतून घालायला पातळ दोन थर. समुद्रावरून हार म्हणतात ते धुकं आलं तर अर्ध्या तासात मे महिन्याचा डिसेंबर होतो. बूट नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि महिनाभर वापरून मऊ करा. हँडिकॅपचा अधिकृत दाखला हातातल्या पिशवीत ठेवा, तो बघितल्याशिवाय पहिल्या टीवर उभं राहू देत नाहीत.